बेड्या पडल्यानंतर: डॅनियल प्रूड प्रकरण

23 मार्च 2020 ची पहाट, सव्वातीनचा सुमार. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या जेफरसन अव्हेन्यूवर अंगावर एकही कपडा नसलेला एक माणूस रस्त्यातून चालला होता. थंडी गोठणबिंदूच्या आसपास होती, हलकं हिम पडत होतं. अंगाला रक्त लागलेलं होतं. पहिला पोलीस गाडीतून उतरला, त्याने टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, रोखला आणि हुकूम सोडला: खाली झोप, हात मागे घे. तो माणूस ‘येस सर’ म्हणत रस्त्यावर पालथा झोपला, हात मागे घेतले. क्षणात बेड्या पडल्या. झटापट झाली नाही, त्याच्याकडे शस्त्र नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. त्यानंतर काही मिनिटांतच, पोलिसांच्या हाताखाली, त्याचा श्वास थांबला. रुग्णवाहिकेतल्या लोकांनी छाती दाबून हृदय पुन्हा सुरू केलं, पण शुद्ध आली नाही. 30 मार्चला तो गेला. डॅनियल प्रूड, वय 41.

मनोरुग्ण आणि पोलीस हा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा गोळीवर येऊन थांबते. रुग्णाच्या हातात सुरी होती का, पोलिसाला जिवाची भीती वाटणं रास्त होतं का, गोळी पायावर मारता आली नसती का, असे प्रश्न येतात. अमेरिकेत ते येणं साहजिक आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने 2015 पासून ठेवलेल्या नोंदींप्रमाणे पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा मानसिक आजार असलेल्या लोकांचा आहे. प्रूडच्या प्रकरणात मात्र सुरी नाही आणि गोळीही नाही. पोलिसांना जो धोका वाटू शकला असता तो पहिल्या मिनिटातच संपला होता. म्हणून मला हे प्रकरण अधिक बारकाईने पाहण्यासारखं वाटतं. धोका संपल्यावरही माणूस मेला, तर तो कशामुळे मेला?

डॅनियल शिकागोचा. रॉचेस्टरमध्ये राहणाऱ्या भावाकडे यायला निघाला होता. वाटेत बफेलोजवळ त्याला आगगाडीतून उतरवलं गेलं. भाऊ जाऊन त्याला घरी घेऊन आला. 22 मार्चला त्याचं वागणं फारच बिघडलं. आपल्याला कुणीतरी मारायला टपलंय असं त्याला वाटत होतं. तळघराच्या जिन्यावरून त्याने डोक्यावर उडी घेतली, असं भावाने नंतर सांगितलं. आपल्याकडे जनता कर्फ्यू पाळला गेला तोच हा दिवस. त्याच रात्री आठ वाजता न्यूयॉर्क राज्यातही घरात राहण्याचे निर्बंध लागू झाले.

संध्याकाळी भावाने मदतीसाठी फोन केला. न्यूयॉर्कच्या कायद्यात अशा वेळेसाठी पोलिसांना अधिकार दिलेला आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील असा माणूस दिसला, तर गुन्हा नोंदवायची गरज नाही, त्याला ताब्यात घेऊन तपासणीसाठी रुग्णालयात न्यायचं. त्या संध्याकाळी रॉचेस्टरच्या पोलिसांनी तेच केलं. डॅनियल स्ट्राँग मेमोरियल रुग्णालयात पोचला. कुणी त्याला जमिनीवर दाबलं नाही, कुणाला लागलं नाही. या प्रकरणावर लिहिताना ही संध्याकाळ बरेचदा वगळली जाते, आणि ती वगळू नये असं मला वाटतं. तोच माणूस, तोच आजार, तेच पोलीस खातं, आणि तरीही काम नीट पार पडलं.

रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतलं नाही. काही तासांत तो घरी परतला, आणि त्याच्याबरोबर जी जबाबदारी परतली ती सगळी भावाच्या अंगावर आली. कोणत्या तपासणीवरून त्याला सोडलं यावर बाहेरून निवाडा देण्यात अर्थ नाही. तपासणीच्या त्या तासात रुग्ण शांत आणि सुसंगत बोलला असेल, हे अगदी शक्य आहे. पण ज्या घरातून काही तासांपूर्वी पोलिसांनी एका माणसाला आणलं, त्या घरी तो मध्यरात्रीच्या सुमाराला परत जातो, आणि पुन्हा बिघडलं तर काय करायचं याचं उत्तर त्या घरापाशी पुन्हा 911, म्हणजे तिथला तातडीच्या मदतीचा क्रमांक, एवढंच असतं. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियाचा किंवा उन्मादाचा रुग्ण आहे त्यांना ही रात्र सांगायला लागणार नाही. जागं राहायचं, दाराकडे लक्ष ठेवायचं, आणि तरी डोळा चुकतोच.

पहाटे तीनच्या सुमारास डॅनियल घरातून पळाला. बुटांविना, बनियन आणि आतल्या लांब पँटवर. भावाने ताबडतोब 911 ला कळवलं. नंतर दुसऱ्या एकाने फोन केला. हा टोइंग ट्रकचा चालक होता. त्याने सांगितलं की एक नागवा, रक्ताळलेला माणूस रस्त्यावर आहे आणि आपल्याला करोना झालाय म्हणतोय. मधल्या वेळात डॅनियलने काही काचा फोडल्या होत्या. म्हणजे यंत्रणेकडे एकाच माणसाविषयी दोन निरोप आले. एका निरोपात घरातून निघून गेलेला आजारी भाऊ होता, दुसऱ्यात काचा फोडणारा, रोग पसरवणारा अनोळखी इसम. पोलीस जेफरसन अव्हेन्यूवर उतरले तेव्हा त्यांच्या वागण्यावर दुसऱ्या निरोपाची छाप अधिक दिसते.

पुढचं सगळं पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांत आहे.

बेड्या घातलेला डॅनियल थंड डांबरावर आहे, उघडा. पोलीस त्याच्या भोवती अंतर ठेवून उभे आहेत. रुग्णवाहिका यायची आहे. तो प्रार्थना पुटपुटतो, मध्येच ओरडतो, शिव्या देतो, पोलिसाकडे त्याची बंदूक मागतो, थुंकतो. कुणीही त्याच्या अंगावर पांघरूण टाकत नाही. एकाने पुढे होऊन, नाव विचारून, एकट्यानेच हळू आवाजात बोलत राहावं, असंही होत नाही. थुंकी येते म्हणून त्याच्या डोक्यावर एक पांढरी जाळीदार पिशवी चढवतात. स्पिट हूड म्हणतात तिला, चावणाऱ्या-थुंकणाऱ्या माणसापासून पोलिसांचा बचाव व्हावा यासाठी असते. मार्च 2020 मध्ये थुंकीची भीती खोटी नव्हती, हे मान्यच करायला हवं. पण आपल्याला मारायला लोक टपलेत या भीतीने ज्याला घरातून पळवलं, त्याच्या डोक्यावर अंधारात पिशवी आली. तो आणखी बिथरला. पिशवी काढा म्हणू लागला, उठायला बघू लागला.

मग तिघांनी त्याला खाली दाबलं. एकाने दोन्ही हातांचा भार देऊन त्याचं डोकं रस्त्यावर दाबून धरलं. दुसऱ्याने पाठीवर गुडघा ठेवला. तिसरा पायांपाशी होता. डोक्यावरचा दाब दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ राहिला. डॅनियलचं बोलणं आधी अस्पष्ट झालं, मग नुसतं घरघरणं राहिलं, मग तेही थांबलं. ओकारी झाल्याचं पोलिसांच्या लक्षात आलं. श्वास नाही हे कळायला त्यानंतर वेळ गेला.

वैद्यकशास्त्राला यात नवीन काही नव्हतं. पालथ्या माणसाच्या पाठीवर भार पडला की छातीचा पिंजरा फुलत नाही आणि पोटाचा पडदा खाली सरकत नाही. ज्याचं शरीर आधीच भीतीने, धावण्याने, थंडीने, नशेने ताणलेलं आहे त्याला नेहमीपेक्षा जास्त हवा लागते आणि नेमकी तीच मिळत नाही. जीव गुदमरल्यावर माणूस सुटायला धडपडतो, आणि वरच्याला ती धडपड प्रतिकार वाटते, म्हणून तो आणखी जोर लावतो. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या एका पत्रकात 1995 मध्येच पोलिसांना स्पष्ट सांगितलेलं होतं की बेड्या पडल्या की माणसाला पालथं ठेवू नका. डॅनियल रस्त्यावर पडला तेव्हा त्या सूचनेला पंचवीस वर्षं होत आली होती.

शवविच्छेदनात मृत्यूचं वर्गीकरण ‘दुसऱ्याच्या कृतीमुळे झालेला मृत्यू’ असं झालं. मुख्य कारण म्हणून शरीर जखडून धरताना गुदमरल्यातून झालेली गुंतागुंत लिहिली गेली. जोडीला दोन गोष्टी नोंदल्या: पीसीपी या अमली पदार्थाचा अंश आणि ‘एक्सायटेड डिलिरियम’, म्हणजे अतिशय बिथरलेली भ्रमावस्था. नशा होती की आजार होता, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मला तो वाद त्या पहाटेपुरता गैरलागू वाटतो. बुद्धिभ्रमाचं कारण रक्तात आहे की मेंदूत, हे रस्त्यावर उभ्या पोलिसाला कळायचं कारण नाही, आणि कळलं तरी करायचं ते तेच असतं. कुशीवर वळवायचं, ऊब द्यायची, आणि डॉक्टरांच्या हवाली करेपर्यंत श्वासाकडे लक्ष ठेवायचं.

एप्रिल 2020 मध्ये, आपल्याच लोकांची चौकशी करून, खात्यातल्या एका अधिकाऱ्याने अहवाल दिला. पोलिसांचं वागणं योग्य आणि त्यांच्या प्रशिक्षणाला धरून होतं, असं त्यात म्हटलं होतं. हे वाचून अनेकांना संताप आला. मला त्या वाक्यातला दुसरा भाग खरा वाटतो आणि म्हणूनच तो अधिक भयंकर आहे. डोकं जमिनीवर दाबून धरण्याची ती पद्धत पोलिसांना शिकवलेलीच होती. पोलीस प्रशिक्षणाचा पाया हुकूम आणि हुकुमाची तामिली हा असतो. हुकूम मानला नाही तर बळ, मानला तर बळ थांबवायचं. डॅनियलने या पद्धतीला न पेलणारी गोष्ट केली. त्याने हुकूम मानला, पण तो शांत झाला नाही. शरीराने शरण आला आणि तोंडाने बरळत राहिला. अशा माणसासाठी त्या रस्त्यावर कुणाकडेच काही ठरलेलं नव्हतं. मग बरळणं आणि उठू पाहणं हाच प्रतिकार धरला गेला आणि शिकवलेले हात चालले. तिघे क्रूर होते म्हणून हे घडलं असं मानलं तर तिघांना काढून टाकून प्रश्न मिटायला हवा. तो तसा मिटणारा नाही. आणि त्यामुळे त्या तिघांची जबाबदारी कमी होते, असंही मला म्हणायचं नाही. हाताखालच्या माणसाचा आवाज बंद झाला हे कळायला प्रशिक्षण लागत नाही.

प्रकरण पाच महिने शहरापासून लपून राहिलं. महापौर लव्हली वॉरन यांनी नंतर सांगितलं की पोलीसप्रमुख ला’रॉन सिंगलटरी यांनी आपल्याला हा अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेला मृत्यू असल्याचं कळवलं होतं. पुढे सरकारी कागद बाहेर आले तेव्हा एका पोलीस अहवालावर लाल अक्षरांतला शेरा सापडला. अहवाल लिहिणाऱ्याने प्रूडची नोंद साधी ‘व्यक्ती’ म्हणून केली होती. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं: याला संशयित करा. मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला, देशभर लोक रस्त्यावर उतरले, आणि जूनमध्ये रॉचेस्टरच्या एका उपप्रमुखाने लेखी सल्ला दिला की हे चित्रीकरण आत्ता बाहेर जाऊ देऊ नये. कुटुंबाच्या वकिलांनी माहितीच्या हक्काखाली पाठपुरावा करून ते मिळवलं आणि 2 सप्टेंबर 2020 ला लोकांपुढे ठेवलं. भावाने त्या दिवशी पत्रकारांना सांगितलं की आपण फोन केला तो भावाला मदत मिळावी म्हणून, त्याचा जीव घ्यावा म्हणून नव्हे.

त्यानंतर सगळं भराभर झालं. सात पोलीस निलंबित झाले, रस्त्यांवर रात्री-रात्री निदर्शनं झाली, सिंगलटरी यांना पदावरून दूर केलं गेलं. राज्याच्या महाधिवक्ता लेटिशिया जेम्स यांनी प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, नेलं. 23 फेब्रुवारी 2021 ला निकाल आला: एकाही पोलिसावर आरोप ठेवला जाणार नाही. ज्युरीपुढे साक्ष देणाऱ्या एका डॉक्टर तज्ज्ञाचं मत असं होतं की मृत्यू दाबून धरल्यामुळे झालेला नाही, तर नशा आणि उत्तेजित अवस्था यांतून हृदय बंद पडलं. ऑक्टोबर 2022 मध्ये शहराने प्रूडच्या मुलांना 1 कोटी 20 लाख डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला.

त्या ‘एक्सायटेड डिलिरियम’ या शब्दाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो इथे महत्त्वाचा ठरला. 1980 च्या दशकात मायामीतल्या एका न्यायवैद्यकाने तो रूढ केला. अतिशय बिथरलेला, घामाघूम, अफाट ताकद आलेला, कपडे फेकून देणारा माणूस आपोआप मरू शकतो, अशी ही कल्पना. गेली कित्येक वर्षं पोलिसांच्या ताब्यातल्या मृत्यूंच्या कागदांवर ती येत राहिली. मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात ती कधीच नव्हती. 2009 मध्ये तातडीच्या वैद्यकसेवेतल्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेने तिला मान्यता देणारा निबंध काढला होता, तो 2023 मध्ये मागे घेतला. न्यायवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेनेही त्याच वर्षी ही संज्ञा मृत्यूचं कारण म्हणून वापरू नये असं जाहीर केलं, आणि कॅलिफोर्निया राज्याने तिच्यावर कायद्याने बंदी आणली. डॅनियल प्रूडच्या कागदांवर मात्र ती आहे.

रॉचेस्टरने बदल केला. जानेवारी 2021 मध्ये शहराने ‘पर्सन इन क्रायसिस’ नावाचं पथक सुरू केलं. समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक मनोरुग्णांच्या फोनवर जातील, अशी योजना. सुरू होऊन काही दिवस झाले असतील-नसतील, तोच 29 जानेवारीला पोलिसांनी एका नऊ वर्षांच्या मुलीला बर्फात बेड्या घातल्या आणि गाडीत बसत नाही म्हणून तिच्या तोंडावर मिरीचा फवारा मारला. मुलगी स्वतःचं बरंवाईट करून घेण्याची भाषा बोलत होती. नव्या पथकाला कुणी बोलावलंच नव्हतं. 911 च्या खोलीत तो फोन ‘कौटुंबिक भांडण’ या सदरात नोंदला गेला होता. म्हणून मला वाटतं की अशा योजनांची खरी किल्ली रस्त्यावरच्या पथकाहून जास्त फोन उचलणाऱ्याच्या हाती असते. बोलणारा भाऊ, आई, शेजारी काय सांगतो, ते ऐकून कोणतं सदर निवडलं जातं, यावर पुढे दारात कोण उभं राहणार ते ठरतं.

अमेरिकेत यावर फार आधी विचार झाला आहे. मेंफिस शहरात 24 सप्टेंबर 1987 ला पोलिसांनी सुरी हातात असलेल्या 27 वर्षांच्या एका मनोरुग्णाला गोळ्या घातल्या. मदतीसाठी फोन त्याच्या आईने केला होता. त्या मृत्यूनंतर पोलीस, रुग्णांच्या कुटुंबांची संघटना आणि विद्यापीठातले तज्ज्ञ एकत्र बसले आणि 1988 मध्ये नवी पद्धत सुरू झाली. स्वतःहून पुढे आलेल्या पोलिसांना 40 तासांचं प्रशिक्षण, आणि मनोरुग्णाच्या फोनवर आधी तेच जाणार. या पद्धतीचं कौतुक करताना लोक 40 तासांवर थांबतात. तिचा दुसरा पाय मेंफिसचं सरकारी रुग्णालय होतं. पोलिसांनी आणलेल्या रुग्णाला नाही म्हणायचं नाही, आणि पोलिसाला तासन्‌तास थांबवून ठेवायचं नाही, असं त्याने कबूल केलं होतं. ज्या शहरांनी नुसतं प्रशिक्षण उचललं आणि रुग्णालयाची बाजू सोडली, त्यांच्याकडे पोलीस नम्रपणे बोलून रुग्णाला दारापर्यंत नेतात आणि दार बंद असतं.

आता आपल्याकडे. भारतात 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 100 मध्ये पोलिसांची कर्तव्यं दिली आहेत. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, भटकणारा माणूस दिसला, किंवा स्वतःला अथवा दुसऱ्याला धोका असलेला माणूस दिसला, तर ठाणे अंमलदाराने त्याला संरक्षणात घ्यायचं. का घेतलं ते त्याला किंवा त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगायचं. 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. चांगलं कलम आहे, आणि ते आपल्याकडच्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर मराठीत लावलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं दूर असली तरी कायदा जवळच्या सरकारी संस्थेविषयी बोलतो. त्यामुळे रुग्णाला तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं, तर ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून त्यांनी हात झटकणं या कलमाला धरून नाही. तपासणीची व्यवस्था करण्याची जबाबदारी तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकलेली आहे.

पण प्रूडचं प्रकरण या कलमाशेजारी ठेवून वाचलं की एक रिकामी जागा दिसते. माणसाला कुठे न्यायचं, किती वेळात न्यायचं, कुठे ठेवायचं नाही, हे सगळं कलमात आहे. उचलताना त्याला धरायचं कसं, याबद्दल त्यात काहीच नाही. आपल्याकडे बिथरलेल्या माणसाला दोरीने, ओढणीने, गमछाने बांधतात. पोलिसांच्या आधी घरचे आणि शेजारी बांधतात. गाडीच्या मागच्या बाजूला पालथं टाकून दोघे-तिघे वर बसतात. त्यात कुणाचाच वाईट हेतू नसतो. जेफरसन अव्हेन्यूवर डॅनियलच्या छातीचं जे झालं ते इथेही तसंच होणार.

याच कायद्याचं कलम 30 सांगतं की पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचं ठरावीक काळाने प्रशिक्षण दिलं जावं. त्या प्रशिक्षणात कायद्याची कलमं वाचून दाखवण्याआधी जमिनीवर सतरंजी घालून, एका शिपायाला पालथं झोपवून, दुसऱ्याने त्याला दोन श्वासांच्या अवधीत कुशीवर कसं वळवायचं ते करून दाखवावं. बोलणारा एकच, बाकीचे गप्प आणि मागे. तोंडावर काहीही बांधायचं नाही. अंगावर चादर. एकाचं काम फक्त श्वास पाहायचं, दुसरं काही नाही. आणि 112 वर फोन घेणाऱ्यांनाही त्याच खोलीत बसवावं, म्हणजे ‘भाऊ आजारी आहे, घरातून पळालाय’ हा निरोप आला की तो पहिल्या गाडीपर्यंत त्याच शब्दांत पोचेल. घरच्यांनीही फोनवर आधी आजाराचं नाव, चालू गोळ्या, हातात काही आहे की नाही, आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारली की तो ऐकतो, एवढं सांगावं. तातडी नसेल आणि नुसतं काय करावं कळत नसेल, तर 14416 हा टेलिमानसचा फुकट क्रमांक 2022 पासून आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.